ओरोसचा सर्व्हर आणि आमची गावपळण

बाबांचा फोन दुपारी आला. ते गावच्या मच्छीमार सोसायटीच्या कचेरीतून फोन करायचे आणि किनाऱ्यावरून होडीतल्या माणसाला हाक मारावी इतक्या मोठ्याने बोलायचे. कौल झाला, गावपळण ठरली, पुढच्या आठवड्यात निघायचं, असं त्यांनी सांगितलं. मग आवाज खाली आणला.

"ह्या खेपेक तू येतलंस मा रे, झिला? खोपी घालूक माझो हात आता वर जायना."

"येतलंय," मी म्हटलं.

आमच्या मालवण भागातल्या काही गावांत दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. देवाला कौल लावून दिवस ठरतो. त्या दिवशी दुपारी देवळातला ढोल वाजला की अख्खं गाव वेशीबाहेर पडतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, कोणाचा पोपट असेल तर तोही. शेजारच्या गावाच्या हद्दीत माळावर माडाच्या झापांच्या खोपी उभ्या राहतात, दगडांच्या चुली मांडल्या जातात, आणि तीन दिवस गाव तिथे नांदतं. मागे राहिलेल्या गावात दिवा लागत नाही, चूल पेटत नाही, विहिरीत घागर बुडत नाही. तेवढे दिवस गाव देवाचं. मग पुन्हा कौल लावायचा. देवाने दिला तर परतायचं, नाही दिला तर आणखी एक दिवस बाहेर काढायचा.

लहानपणी मला हा दिवाळीपेक्षा मोठा सण वाटायचा. आई गेली त्याच्या आधीची एक गावपळण आठवते. आई सारखी म्हणत होती की घराच्या मागच्या दाराची कडी लावली की नाही ते आठवत नाही, आणि बाबा तिला म्हणत होते, देव घरात असताना कडी कशाला. त्यानंतरच्या दोन गावपळणींना मी मुंबईत होतो.

हे सगळं दोन हजार सातच्या आसपासचं. मुंबईतली नोकरी सोडून मी सिंधुदुर्गात परत आलो होतो. लोकांना सांगायचो की बाबा एकटे आहेत म्हणून आलो. लग्न टिकलं नव्हतं, त्यात दोष बराचसा माझा होता, आणि मुंबईत ओळखीच्या माणसांना तोंड दाखवणं नको झालं होतं, हे सांगत नसे. आणि आलो तो तरी गावात कुठे राहिलो? ओरोसला, जिल्ह्याच्या कचेऱ्यांच्या वसाहतीत, एका क्वार्टरमधली खोली घेतली. गावाला जायला दोन एसट्या बदलाव्या लागत. सुरुवातीला दर रविवारी जायचो. मग महिन्यातून एकदा. ओरोस तेव्हा संध्याकाळी साडेसहानंतर ओस पडायचं. कचेऱ्या सुटल्या की माणसं आपापल्या गावांना निघून जायची आणि रुंद, सरळ, सरकारी रस्त्यांवर गाईगुरं बसायची. खाणावळीत मी बहुधा एकटाच जेवायचो. मालक समोर बसून टीव्ही बघायचा.

काम होतं सर्व्हर सांभाळायचं. पुण्याच्या एका ठेकेदार कंपनीने किनारपट्टीवरच्या मच्छीमार सोसायट्यांसाठी निरोपांची व्यवस्था उभारली होती. समुद्राचे अंदाज, वाऱ्याचे नकाशे, बंदराच्या सूचना, डिझेल आणि बर्फाचे निरोप ओरोसच्या सर्व्हरवर यायचे, आणि वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंतच्या सोसायट्यांतले कंप्युटर ते तिथून उचलायचे. प्रोग्राम जावात लिहिलेला होता, आणि त्यातला निरोप सांभाळायचा भाग माझा होता. किनाऱ्यावर वीज जायची, फोनच्या तारा तुटायच्या, म्हणून मी त्यात अशी सोय केली होती की एखाद्या गावाचा कंप्युटर बंद असला तर सर्व्हरने त्याचे निरोप धरून ठेवावेत आणि तो परत आला की द्यावेत. किती वेळ धरायचे, त्या मुदतीच्या जागी मी शून्य लिहिलं होतं. शून्य म्हणजे कितीही वेळ. माझ्या किनाऱ्यावरच्या एकाही माणसाचा निरोप हरवणार नाही, याचा मला अभिमान होता. बैठकीत मी हे वाक्य बोलूनही दाखवलं होतं.

रविवारीसुद्धा मी सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसायचो. काम नसायचं. खोली थंड असायची, पंख्यांचा एकसारखा आवाज असायचा, आणि तिथे मला कोणी काही विचारत नसे.

गावपळणीच्या दिवशी सकाळी मी पिशवी भरून कचेरीत आलो. दुपारच्या गाडीने निघायचं ठरलं होतं. आमच्या कामावर देखरेख करणारे अधिकारी घाटावरचे होते, माणूस वाईट नव्हता. त्यांनी बोलावून सांगितलं की तीन दिवसांनी मुंबईहून पाहुणे येणार आहेत, सगळी व्यवस्था चालू स्थितीत दाखवायची आहे, तेव्हा आज एकदा सगळं तपासून घ्या.

"साहेब, आज गावी जायचं होतं," मी म्हटलं.

"जा की. तपासा आणि जा."

तपासायला दोन तास लागले असते. दुपारची गाडी चुकली असती, पण संध्याकाळची होती. मी तपासून झाल्यावरही बसून राहिलो. उद्या सकाळी निघू, असं मनाशी ठरवलं, आणि स्टँडवर जाऊन आमच्या गावाकडे जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरला सांगितलं की माळावर बाबा असतील, त्यांना म्हणावं, मुलगा उद्या येतो. आमच्याकडे असे निरोप कंडक्टरकडे द्यायची जुनी पद्धत आहे, आणि ते पोचतात.

का बसून राहिलो, हे मी पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं आहे. माळावर सगळं गाव असणार होतं. प्रत्येकजण विचारणार होता, एकटोच इलंस? बायको खंय? तो एक प्रश्न मी टाळत होतो. बाबांना खोपी घालायची होती, आणि मी प्रश्नाचा विचार करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी सर्व्हरच्या खोलीत डोकावलो तर तो पडलेला होता. पडद्यावर ओळ होती, आउट ऑफ मेमरी, जावा हीप स्पेस. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जावाचा प्रोग्राम चालतो तेव्हा त्याला यंत्राच्या मेमरीतला एक हिस्सा वापरायला देतात, त्याला हीप म्हणतात. प्रोग्राम जे काही हातात धरतो ते त्या हिश्श्यात ठेवतो, आणि हातातून सुटलेलं जावा आपणहून झाडून टाकते. झाडण्यासारखं काही उरलं नाही आणि नवीन ठेवायला जागा नाही, की प्रोग्राम ही ओळ लिहितो आणि मरतो.

मी जे सगळे करतात ते केलं. हिस्सा वाढवला आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. तो उठला, पण दुपारी पुन्हा पडला. पुन्हा वाढवला. त्या जुन्या यंत्रात द्यायला फारसं काही उरलं नव्हतं. पुण्याच्या कंपनीतल्या मुलाला फोन केला.

"सर, हीप वाढवून बघितलात का?"

"दोनदा वाढवला."

"मग कुठेतरी लीक असणार. कोडमध्ये बघायला लागेल. निरोपांचं कोड कोणी लिहिलंय?"

"मी," मी म्हटलं.

तो फार नम्रपणे म्हणाला, "बघा सर, काही सुटलंय का."

लीक म्हणजे प्रोग्रामने एखादी गोष्ट हातात धरली आणि सोडायचीच विसरला. मी माझं लिहिणं पहिल्या ओळीपासून वाचायला बसलो. तिसरा दिवस त्यातच गेला. आपलंच जुनं लिहिणं संशयाने वाचत बसण्यासारखं एकटेपण दुसरं नाही. प्रत्येक ठिकाणी वाटायचं, इथे चुकलं असेल, आणि तिथे चुकलेलं नसायचं. मधूनमधून सर्व्हर सुरू करायचो आणि तो दर वेळी आधीपेक्षा लवकर पडायचा. त्याचं कारण मला कळायला हवं होतं. सुरू झाल्यावर तो पहिल्यांदा डिस्कवर लिहून ठेवलेले न पोचलेले निरोप वाचून मेमरीत घ्यायचा, आणि मधल्या वेळात त्यांत भर पडलेली असायची. मी ते स्वतः लिहिलं होतं. पण माझी नजर चूक शोधत होती, आणि त्या ओळींत चूक नव्हती.

दरम्यान सगळ्या किनाऱ्यावरून फोन येत होते. देवगडच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, वाऱ्याचं काय, होड्या सोडू का? मी त्यांना रेडिओ ऐकायला सांगितलं. ते म्हणाले, "रेडिओच ऐकाचो तर तुमचो डबो कित्याक बसयलो?" अधिकारी येऊन दारात उभे राहायचे आणि परत जायचे.

त्या दिवशी मी दुसरा निरोप कंडक्टरकडे दिला नाही. उद्या येतो असं पुन्हा कोणत्या तोंडाने सांगणार?

शेवटी संध्याकाळी मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. सर्व्हर पडताना त्याच्या मेमरीत काय काय होतं, त्याची पूर्ण प्रत फाईलमध्ये काढून घेतली. तिला डंप म्हणतात. ती इतकी मोठी होती की माझ्या टेबलावरच्या कंप्युटरवर उघडेना. शेजारच्या खोलीतलं जरा बरं यंत्र मागून घेतलं, त्यावर ती मोजायला लावली, आणि क्वार्टरवर जाऊन पडलो.

चौथ्या दिवशी सकाळी मोजणी झालेली होती. मेमरीत सगळ्यात जास्त काय आहे, तर निरोप, त्यातही वाऱ्याच्या नकाशांची जड चित्रं. ते अपेक्षितच होतं. मग मी पाहिलं की ते कोणी धरून ठेवले आहेत. एक निरोप उघडला, त्याच्या मागे गेलो, तो एका यादीत होता. दुसरा उघडला, तोही त्याच यादीत. पाच-सहा उघडून पाहिले. सगळे एकाच गावाच्या नावाने थांबलेले होते. ते आमच्या गावाचं नाव होतं.

माझी पहिली प्रतिक्रिया काय होती ते लिहायला लाज वाटते. मी चिडलो. सोसायटीचा कंप्युटर यांनी बंद कसा ठेवला, असं म्हणत मी फोन उचलला आणि नंबर फिरवला. फोन वाजत राहिला. बराच वेळ वाजत राहिला. आणि तो कुठे वाजतो आहे ते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आलं. कुलूप लावलेली कचेरी, तिच्यासमोरचा रिकामा रस्ता, रिकामी घरं, विहिरीवर कोणी नाही.

गाव बाहेर पडलं आहे हे मला माहीत होतं. त्यासाठी मी पिशवी भरली होती. ती माझ्या टेबलाखाली चार दिवस पडून होती. तरी गाव बाहेर पडलं म्हणजे गावाचा कंप्युटर बंद आहे, ही गोष्ट माझ्या मनात आली नव्हती. पुण्याच्या मुलाला ते कळणं शक्य नव्हतं. मला शक्य होतं. या प्रोग्रामवर काम केलेल्या माणसांत गावपळण माहीत असलेला मी एकटाच होतो.

लीक कुठेच नव्हती. सर्व्हर मी सांगितलं होतं तेच करत होता.

पाहुणे अकरापर्यंत यायचे होते. गावाचे साठलेले निरोप हलवून दुसरीकडे ठेवायचे तर दिवस गेला असता. मी गावांच्या यादीतून आमच्या गावाची नोंदच, साठलेल्या निरोपांसकट, काढून टाकली. मशीनने विचारलं, नक्की काढायची? मी हो म्हटलं. सर्व्हर सुरू केला तो एका दमात उठला आणि हलका चालू लागला. पाहुणे आले, त्यांनी पडद्यावर धावणाऱ्या ओळी पाहिल्या, चहा घेतला. अधिकाऱ्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी पिशवी उचलून स्टँडवर गेलो.

कसाल गेलं, मालवण आलं, तिथे दुसरी गाडी धरली. कौल त्या दिवशी दुपारी लागायचा होता. कौल मिळू नये, देवाने गावाला आणखी एक दिवस बाहेर ठेवावं, अशी प्रार्थना मी त्या गाडीत केली. माळावर म्हातारी माणसं होती, बाळंतिणी होत्या, चार दिवस उघड्यावर. तरी केली.

गाडी वेशीजवळ पोचली तेव्हा रस्त्यावरून उलट्या दिशेने सगळं गाव येत होतं. डोक्यावर गाठोडी, हातात कोंबड्यांच्या टोपल्या, पुढे गुरं. कौल झाला होता. मी उतरलो. शेजारच्या काकीने मला पाहिलं आणि डोक्यावरचं ओझं न उतरवता थांबली.

"आता इलंस? पंचपक्वान्नां संपली सगळी." मग तिने मानेने माळाकडे खूण केली. "तुझो बापूस थंयसर बसलो हा. आमी सगळ्यांनी सांगलाव, चल म्हणान. देव तरी कौल देता, ह्यो देयना."

माळावर खोपी मोडून झाल्या होत्या. झापांचे ढीग, पाणी मारलेल्या चुली, इकडेतिकडे कावळे. त्या सगळ्याच्या मध्ये बाबा आपल्या वळकटीवर बसले होते, पाठ गावाकडे आणि तोंड रस्त्याकडे करून. त्यांची खोपी तेवढी उभी होती. कोणीतरी घालून दिली असणार.

त्यांनी मला पाहिलं. उशीर का झाला, असं विचारलं नाही.

"जेवलंस?"

मी नाही म्हटलं. त्यांनी बाजूचा डबा उघडला. भात आणि सुक्या बांगड्याचं तिखट होतं. रोज एक वाटणी माझ्यासाठी बाजूला काढायचे आणि संध्याकाळी कुत्र्याला घालायचे, हे मला नंतर काकीने सांगितलं. त्या वेळी मी नुसता जेवलो. खूप भूक लागली होती.

जेवताना बाबांनी विचारलं, काय बिघडलं होतं? मी साध्या शब्दांत सांगितलं. प्रत्येक गावाचे निरोप सर्व्हर धरून ठेवतो, ते गाव येईपर्यंत सोडत नाही. आपलं गाव बाहेर पडलं, ते निरोप न्यायला कोणी आलं नाही, ते साठत गेले आणि त्याला भार सोसला नाही.

बाबा हसले. चार दिवसांत बहुधा पहिल्यांदा हसले असावेत. "चांगलो हा तुझो सर्व्हर," म्हणाले. "मगे? तू काय केलंस?"

"आपल्या गावाचां नाव काढून टाकलंय."

बाबांचं हसू गेलं. ते चिडले नाहीत. हाताने वळकटीची दोरी घट्ट करत राहिले, मग म्हणाले, "परत घाल."

"सोमवारी गेल्यार घालतंय."

"घाल. इसरां नको."

मग ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि आम्ही वेशीतून आत गेलो. खोपी मी दुसऱ्या दिवशी येऊन मोडली. मी न घातलेली खोपी मोडायला मला फार वेळ लागला. बांधणाऱ्याने गाठी पक्क्या मारल्या होत्या.

सोमवारी मी पहिलं काम ते केलं. गावाची नोंद पुन्हा घातली. साठलेले निरोप मेमरीत न धरता डिस्कवरच राहतील असं प्रोग्राममध्ये बदललं. पुण्याच्या मुलाने सुचवलं की सगळ्यांना मुदत घाला, जुना अंदाज कोणाला लागतो? त्याचं बरोबर होतं. मी मुदत घातली. दर रविवारी गावाला जायला लागलो, असं इथे लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. काही रविवार गेलो.

बाबा दोन वर्षांनी पावसाळ्यात वारले. मी ओरोसला होतो.

त्यानंतरची गावपळण दोन हजार दहाच्या अखेरीला आली. मी अधिकाऱ्यांना आधीच लिहून दिलं की आमच्या गावाचा कंप्युटर काही दिवस बंद असेल, काळजी करू नये. अधिकारी नवीन होते. गाव बंद कसं असेल हो, असं त्यांनी विचारलं, आणि मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. मग पहिल्या दिवशी दुपारी, ढोल वाजायच्या आधी गावात पोचलो. घराचं मागचं दार बंद केलं. बाबांची वळकटी घेतली. माळावर खोपी घातली, ती एका बाजूला कलली. काकी बघून म्हणाली, पडली तर माझ्या खोपीत ये. बायको खंय, असं एक-दोघांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि तंबाखू पुढे केली. एवढंच.

चौथ्या दिवशी कौल झाला. माणसं उठली, खोपी मोडायला लागली. मी माझी मोडली, झाप रचून ठेवले, चुलीवर पाणी मारलं, आणि वळकटीवर जरा बसलो. माळ हळूहळू रिकामा झाला. मालवणहून येणारी दुपारची गाडी वेशीशी थांबली, दोन माणसं उतरली आणि गावाच्या दिशेने चालू लागली. गाडी निघून गेली.

काकी रस्त्यावरून परत फिरली आणि तिथूनच ओरडली, "चल रे आता. कोणाची वाट बघतंस?"

कोणाची नाही, असं मी म्हटलं, पण ते तिच्यापर्यंत पोचलं नसावं. मी उठलो, वळकटी खांद्यावर घेतली आणि तिच्या मागून गावात गेलो.